बडोद्याच्या दांडिया बाजारातलं ओटी क्लिनिक: थेरपी चांगली, फाइल त्याहून चांगली

सासूबाईंना पॅरालिसिसचा अटॅक आला त्यानंतरचं हे आमचं दुसरं ओटीचं, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीचं क्लिनिक (रोजची कामं परत आपली आपण जमावीत म्हणून देतात ती थेरपी). पहिल्या ठिकाणी (नाव नाही घेत) दर पानावर तेच एक वाक्य, ‘एक्सरसाइज दिले, पेशंट ठीक’, खाली सही. आता यातून हात सुधारतोय की नाही ते डॉक्टरांना काय डोंबल कळणार?

इथे पहिल्याच दिवशी थेरपिस्टताईंनी आईंनाच विचारलं, तुम्हाला काय काय जमायला हवंय? तर आई म्हणाल्या, ‘माझी वेणी मला घालायचीय, आणि कोणी भरवायला नको.’ ते तसंच्या तसं फाइलमध्ये उतरवलं, तेही मराठीत! मग बार्थेल इंडेक्स केला, म्हणजे खाणं, आंघोळ, कपडे, संडास, जिना चढणं अशा रोजच्या 10 गोष्टी, सगळं आपलं आपण जमलं तर 100. आईंचे 45 आले, बघून धस्सच झालं, पण कुठून सुरुवात आहे ते तरी कळलं. परवा परत केला तर 70.

रोजची नोट चार भागांत असते, सोप नोट म्हणतात, पेशंट काय म्हणाला, थेरपिस्टला काय दिसलं, त्याचा अर्थ काय आणि पुढे काय करायचं. एकीचा तर मी फोटोच काढून ठेवलाय: जाड मुठीचा चमचा, वाटीत दही, तीनदा सांडलं, कोपराखाली टॉवेलची गुंडाळी दिल्यावर एकदाच. बस, एवढं वाचलं की घरी जेवायला बसवताना मिस्टरांना वेगळं काही सांगावं लागत नाही. मधे ताई रजेवर गेल्या तेव्हा नव्या आलेल्यांनी शेवटचं पान वाचलं आणि थेट टॉवेलच मागितला, आम्हाला पहिल्यापासून रामायण सांगावं लागलं नाही.

तक्रारी आहेत. घरच्या व्यायामाचा छापील कागद इंग्लिशमध्ये नाहीतर गुजरातीत. आई जन्मापासून बडोद्याच्या, गुजराती फाडफाड बोलतात पण वाचायला मराठीच लागतं, मागे लागल्यावर हाताने लिहून दिला. आणि फाइलची झेरॉक्स मागितली की रिसेप्शनवर ‘कशाला हवीय?’ अहो, आमच्याच माणसाची आहे ना ती! ताईंनी सांगितल्यावर मिळाली.

पार्किंगचं विचारूच नका, सुरसागर तलावाकडून रिक्षाच बरी. पहिल्या दिवशी डिस्चार्ज समरी न्या आणि पेशंटला पोटभर खायला घालून न्या, नुसतं असेसमेंटच खूप वेळ चालतं.