टेक्स्ट एडिटरमधून छपाई: विंडोज, मॅक की लिनक्स?

साध्या मजकुराची फाइल छापायची, त्यात ठरवायचं ते काय, असं वाटतं. पण तीच फाइल तीन यंत्रांवरून छापा आणि कागद शेजारी शेजारी ठेवा. एकावर ओळी मधेच तुटलेल्या असतात, दुसऱ्यावर ओळ क्रमांक नसतात, तिसऱ्यावर देवनागरीच्या जागी रिकामे चौकोन. प्रिंटर बदलून यातलं फारसं काही सुधारत नाही. पान आखण्याचं काम कधी एडिटर स्वतः करतो, कधी ऑपरेटिंग सिस्टीम करते, तर कधी मधली एखादी छोटी आज्ञा. तुमच्या बाबतीत ते कोण करतंय, हे एकदा कळलं की निवड सोपी होते.

आधी थोडं गणित, कारण तुटलेल्या ओळींचं मूळ तिथेच असतं. कोडमध्ये ८० अक्षरांची ओळ हा जुना रिवाज. एका इंचात १० अक्षरं बसवली तर ८० अक्षरांना ८ इंच, म्हणजे सुमारे २०३ मिलिमीटर लागतात. ए-फोर कागद २१० मिलिमीटर रुंद. दोन्ही बाजूंचे समास मिळून उरतात ७ मिलिमीटर! इंचाला १२ अक्षरं केली, म्हणजे कुरियर फाँट १० पॉइंटवर आणला, की तीच ओळ १७० मिलिमीटरच्या आत येते आणि समासात पेन्सिलीने खुणा करायलाही जागा राहते. कागदाच्या मापाचंही तसंच. ए-फोर २९७ मिलिमीटर उंच, तर लेटर २७९. हा १८ मिलिमीटरचा फरक म्हणजे नेहमीच्या अंतराच्या चार ओळी. सेटिंग एका मापाचं आणि ट्रेमधला कागद दुसऱ्या मापाचा असेल, तर त्या चार ओळी तरी जातात किंवा सगळं पान आक्रसतं.

विंडोज

नोटपॅडमधून छपाई होते, पण हातात फार थोडं असतं. पेज सेटअपमध्ये कागद, समास, हेडर आणि फूटर एवढंच. हेडरमध्ये अँपरसँडच्या (&) पुढे एफ लिहिलं की फाइलचं नाव येतं, पी लिहिलं की पान क्रमांक, डी लिहिलं की तारीख. ओळ क्रमांक छापायची सोय नाही. पडद्यावर निवडलेला फाँटच कागदावर उतरतो, त्यामुळे मराठी टिपण छापायला हा मार्ग सरळ आणि पुरेसा आहे.

कोड छापायचा असेल तर नोटपॅड प्लस प्लस घ्या. त्याच्या प्रेफरन्सेसमध्ये प्रिंटचं वेगळं पान आहे. ओळ क्रमांक हवेत का, रंग पडद्यासारखे ठेवायचे, उलटे करायचे की सगळं पांढऱ्यावर काळं, चारही समास किती, हेडर-फूटरच्या डाव्या, मधल्या आणि उजव्या भागात काय, हे सगळं तिथे एकदा ठरवलं की कायम राहतं. पडद्यावर काळी थीम वापरत असाल तर पांढऱ्यावर काळं हाच पर्याय निवडा, नाहीतर पानभर शाई जाईल.

विंडोजमध्ये एक गोष्ट आधी तपासा. डीफॉल्ट प्रिंटर सिस्टीमनेच सांभाळायचा, असं एक सेटिंग विंडोज १० पासून आहे. ते चालू असलं की शेवटी वापरलेला प्रिंटर डीफॉल्ट होतो. काल पीडीएफ बनवली असेल तर आज कागद येणारच नाही. ज्यांना एका क्लिकमध्ये छापायचंय त्यांनी ते बंदच करावं.

मॅक

इथे सगळं सिस्टीमच्या प्रिंट संवादातून जातं, आणि तेच याचं बळ. कुठल्याही एडिटरमधून त्याच खिडकीत पीडीएफ करता येते, आणि कागद, बाजू, प्रती यांचा संच प्रीसेट म्हणून साठवता येतो. मॅकसोबत येणारा टेक्स्टएडिट हा एडिटर ओळ क्रमांक देत नाही, पण हेडर-फूटर देतो आणि मजकूर पानाच्या रुंदीत नव्याने बसवतो. देवनागरी नीट येते.

लिनक्स

लिनक्सवर निवड सर्वांत मोठी, म्हणून गोंधळही मोठा. पायाशी कप्स ही छपाई यंत्रणा असते. मॅकनेही २००२ पासून तीच स्वीकारली, त्यामुळे इथल्या एलपी आणि एलपीआर या छपाईच्या आज्ञा मॅकच्या टर्मिनलमध्येही चालतात. कागदाचं माप, दोन्ही बाजूंनी छपाई, एका कागदावर दोन पानं, इंचाला अक्षरं किती आणि ओळी किती, हे सगळं आज्ञेसोबत देता येतं. एलपीऑप्शन्स या आज्ञेने एकदा ठरवून ठेवलं की दर वेळी लिहावं लागत नाही. रोज त्याच प्रकारचे कागद काढणाऱ्यासाठी मला यापेक्षा चांगली सोय माहीत नाही.

खिडकीतूनच काम करायचं असेल तर जीएडिट किंवा केट हे एडिटर घ्या. दोन्हींत प्रिंट संवादातच ओळ क्रमांक आणि हेडरचे पर्याय मिळतात. केटमध्ये छपाईसाठी पडद्यापेक्षा वेगळी रंगयोजना निवडता येते, म्हणून कोड वाचणाऱ्याला मी केटच सुचवेन. जोडाक्षरं दोन्हींत व्यवस्थित जुळतात.

जुन्या लेखांत एन्स्क्रिप्ट ही आज्ञा वारंवार भेटते. इंग्रजी कोड दोन स्तंभांत देखणा छापते, पण देवनागरी मजकूर ज्यात साठवला जातो ती यूटीएफ-८ ही संकेतपद्धत तिला समजत नाही. मराठीसाठी पॅप्स ही आज्ञा वापरा. ती पँगो या अक्षरजुळणीच्या लायब्ररीच्या मदतीने अक्षरं जुळवते, त्यामुळे वेलांटी आणि रफार जागेवर बसतात.

विम आणि ईमॅक्स

हे दोन जुने एडिटर तिन्ही सिस्टीमवर चालतात, म्हणून छपाईही सगळीकडे सारखी होईल असं गृहीत धरलं जातं. तसं होत नाही. विमची हार्डकॉपी ही आज्ञा विंडोजवर सिस्टीमचा संवाद उघडते, तर लिनक्सवर स्वतःच पोस्टस्क्रिप्ट (पान कसं छापायचं ते प्रिंटरला सांगणारी भाषा) तयार करून एलपीआरकडे सोपवते. विमच्या प्रिंटऑप्शन्स या सेटिंगमध्ये कागद, समास, ओळ क्रमांक, रंग सगळं लिहून ठेवता येतं, आणि मुळातलं माप ए-फोर असतं. ईमॅक्समध्ये रंगांसह पोस्टस्क्रिप्ट काढायची स्वतंत्र आज्ञा आहे, स्तंभ आणि आडवं पानही जमतं, पण तिथे मुळातलं माप लेटर. ए-फोर वापरणाऱ्याने पहिल्या दिवशीच ते बदलावं. विंडोजवर ईमॅक्सला पोस्टस्क्रिप्ट समजणारा प्रिंटर तरी लागतो किंवा मधे घोस्टस्क्रिप्ट हा पोस्टस्क्रिप्ट वाचणारा प्रोग्रॅम बसवावा लागतो.

मॅकवर आणखी एक अडचण. २०२२ च्या व्हेंचुरापासून प्रिव्ह्यू हे अॅप पोस्टस्क्रिप्ट फाइल उघडत नाही, त्यामुळे छापण्याआधी नजर टाकायची सोपी वाट बंद झाली.

आणि देवनागरी? विमच्या पोस्टस्क्रिप्ट मार्गात बहुबाइट (एका अक्षराला एकाहून जास्त बाइट लागणाऱ्या) लिप्यांची सोय चिनी, जपानी, कोरियन यांच्यापुरतीच आहे. ईमॅक्स त्यासाठी बीडीएफ प्रकारचे, म्हणजे ठिपक्यांनी बनलेले फाँट मागतो. मराठी मजकुरासाठी मी या दोन्ही वाटा वापरत नाही. विममधून टूएचटीएमएल ही आज्ञा देऊन एचटीएमएल काढायचं आणि ब्राउझरमधून छापायचं. रंग टिकतात, अक्षरं ब्राउझर जुळवतो, आणि तिन्ही सिस्टीमवर कागद जवळपास सारखा येतो. निओव्हिम या विमच्या नव्या शाखेत तर हार्डकॉपी काढूनच टाकली आहे, तिथे हाच रस्ता.

व्हीएस कोड या एडिटरमध्ये अंगभूत छपाई नाही, एक्स्टेन्शन (वरून जोडायची पुरवणी) घ्यावं लागतं. सब्लाइम टेक्स्ट ४ या एडिटरमधली छपाईही ब्राउझरमधूनच होते. छपाई हे रोजचं काम असेल तर फक्त त्यासाठी या दोघांकडे जाऊ नका.

कुठलाही मार्ग निवडा, आधी एक छोटी चाचणी फाइल करा. पहिल्या ओळीत शून्य ते नऊ हे अंक आठ वेळा सलग लिहा, म्हणजे ८० अक्षरं होतील. दुसरी ओळ टॅबने सुरू करा, म्हणजे टॅब कागदावर किती रुंद येतो ते दिसेल. तिसऱ्या ओळीत ‘वऱ्हाड, कार्यशाळा, राष्ट्रीय, द्वंद्व, किल्ली’ लिहा. मग ओळ क्रमांक घालत पान भरून दुसऱ्या पानावर जाऊ द्या. पहिली ओळ तुटली तर फाँट लहान करा. पान संपताना क्रमांक गळले तर कागदाचं माप तपासा. आणि ‘वऱ्हाड’मधला र मोडला, तर ती फाइल एडिटरच्या पोस्टस्क्रिप्टमधून न काढता ब्राउझरमधून किंवा पॅप्समधून काढा.