कवटीचा साचा भारी, जिलेटीनचं पाकीट मात्र बघून घ्या (सांगली)

तर झालं असं की यंदा ३१ ऑक्टोबरला आमच्या विश्रामबागच्या गच्चीवर हॅलोवीन करायचं ठरलं. पुण्याला नोकरी करणारी दोन भावंडं आली होती, त्यांचीच हौस. भोपळा कोरणं वगैरे कुणाला जमणार नव्हतं म्हणून खाण्यापिण्याचं माझ्याकडे आलं आणि मी म्हणलं आपण जेली शॉट्स करू, म्हणजे दारू घातलेली जेली, भुताखेतांच्या आकारात. आत्या लगेच म्हणाली, "सर्वपित्रीला पितरं जेवून गेली की गं, आता परत कशाला बोलावतीयेस?"

सामान गणपती पेठेच्या बाजूला केकचं साहित्य मिळतं तिथल्या एका दुकानातून घेतलं. नाव लिहीत नाही, कारण पुढं तक्रार आहे. सिलिकॉनचा कवटीचा साचा, पंधरा खणांचा, २८० रुपये. आणि बिनचवीच्या जिलेटीन पावडरची दोन पाकिटं.

आधी साच्याबद्दल. एक नंबर. नवीन असताना रबराचा वास येत होता तो गरम पाण्यात साबण टाकून दोनदा धुतल्यावर गेला. डोळ्यांच्या खोबण्या, दात, सगळं स्वच्छ उमटतं. एका खणात साधारण १५ मिली बसतं, म्हणजे पाव लिटर मिश्रणात साचा भरतो. आतून बोटानं तेलाचा अगदी पुसट हात फिरवायचा, आणि काढताना साचा बुडाकडून कोमट पाण्यात पाचेक सेकंद धरायचा, मग मागून दाबलं की कवटी टपकन ताटलीत. पहिल्या वेळी मला घाई झाली आणि तीन कवट्यांचे जबडे साच्यातच राहिले, त्या मीच खाल्ल्या. एकच खोट, साचा लुळा आहे, भरून उचलला की सगळं फरशीवर, त्यामुळं आधी स्टीलच्या ताटात ठेवा मग भरा.

आता जिलेटीन. दुकानात मी स्पष्ट विचारलं होतं, काका हे व्हेज आहे ना, कारण आमच्या ग्रुपमध्ये दोघी जैन आहेत. "घ्या की ओ ताई, व्हेजच हाय, सगळे नेत्यात." घरी येऊन पाकीट उलटं केलं तर कोपऱ्यात ती तपकिरी खूण. जिलेटीन जनावरांच्या कातड्या-हाडांपासूनच करतात ओ, त्यात व्हेज असं काही नसतंच! बाजारात मिळणाऱ्या जेली क्रिस्टलच्या बऱ्याच पाकिटांत जिलेटीनऐवजी समुद्री शेवाळापासूनचं कॅरेजीनन असतं, ती व्हेज असतात, काकांचा घोळ बहुतेक तिथं झाला असावा. पण सांगलीत दुकान चालवताय आणि हे माहीत नाही म्हणजे कमाल आहे.

मग दोन घाणे केले. एक जिलेटीनचा आणि एक चायना ग्रासचा म्हणजे अगर अगरचा, तो समुद्री शेवाळाचा असतो.

जिलेटीनच्या घाण्याला पाव लिटर द्रवाला १२ ग्रॅम पावडर. आधी गार पाण्यात दहा मिनिटं भिजवायची, ती स्पंजसारखी फुगते, मग गरम रसात विरघळवायची पण उकळायची नाही. मी कोकम आगळ आणि साखरेचं पाणी घेतलं, रक्ताचा रंग अगदी हुबेहूब येतो, बाहेरचा रंग घालायची गरजच नाही. कोमट झाल्यावर ८० मिली व्होडका. यापेक्षा फार जास्त दारू ओतली की जेली नीट धरत नाही, भावानं "अजून थोडी" "अजून थोडी" करत एक वाटी वेगळी केली होती ती रात्रभर फ्रिजमध्ये राहून पण सरबतच राहिली. आणि ताजं अननस, पपई, किवी यांचा रस अजिबात नको, त्यातली एन्झाइम जिलेटीनच तोडून टाकतात. डबाबंद अननस चालतं कारण ते तापवलेलं असतं.

चवीला जिलेटीनवाली सरस, तोंडात ठेवली की विरघळते, कारण अंगाच्या उष्णतेलाच ती वितळते. पण तीच तर गोची आहे! ऑक्टोबरची उष्णता, गच्चीवर संध्याकाळी सातला पण घाम, ट्रे बाहेर आणून फोटो काढेपर्यंत कवट्यांचे गाल खाली आले, पंधरा मिनिटांत लाल थारोळं. एक जण म्हणाला हेच जास्त भीतीदायक दिसतंय, ते खरं होतं पण चमच्यानं खावं लागलं.

चायना ग्रासवाल्या कवट्या मात्र शेवटपर्यंत ताठ उभ्या. तो एकदा धरला की ८० अंशाच्या वर तापवल्याशिवाय परत वितळत नाही. पावडर अडीच ग्रॅम पुरते, पण ती चांगली उकळावी लागते, आणि दारू फ्रिजमधली गार ओतायची नाही, मी ओतली आणि क्षणात गुठळ्या, परत गरम करत बसले, म्हणजे थोडी व्होडका हवेत गेली असणार. खाताना खरवसासारखी तुटते, दाताखाली कचकन. आत्याला हीच आवडली (तिच्यासाठी दारू न घालता नुसत्या कोकमाची केली होती, उगाच शंका नको).

सगळ्यात भाव खाल्ला डोळ्यांनी. डबाबंद लिची घ्यायची, बी काढल्याची जी पोकळी असते त्यात काळा बेदाणा खोचायचा, झाली डोळ्याची बाहुली. द्राक्षं लावतात खरं तर, पण आपल्याकडं द्राक्षांचा सीझन जानेवारीनंतर, तासगावचा बेदाणा मात्र बारा महिने घरात. तो रात्रभर रममध्ये भिजवून ठेवला, टम्म फुगला. मग हे डोळे वाट्यांमध्ये ठेवून वरून टॉनिक वॉटरची बिनरंगी जेली ओतली. टॉनिकमध्ये क्विनाइन असतं, ते जांभळ्या यूव्ही लाईटखाली निळं चमकतं. आमच्या चुलत्यांच्या दुकानातलं नोटा तपासायचं यूव्ही लाईटचं मशीन उचलून आणलं, गच्चीचा दिवा बंद केला, आणि वाटीतून निळ्या उजेडात डोळा वर बघतोय! शेजारच्या वहिनी किंचाळल्याच.

अळ्या पण करायच्या होत्या, स्ट्रॉमध्ये जेली भरून, पण प्लॅस्टिकच्या स्ट्रॉवर बंदी, कागदी आणल्या त्या मिश्रण ओतल्यावर फ्रिजमध्ये लगदा झाल्या. नाद सोडला.

एक सांभाळा, वरच्या मापानं सहा कवट्या म्हणजे एक स्मॉल पेग होतो, आणि गोड लागतं म्हणून हात थांबत नाही. हे काही आजचं नाही, जेरी थॉमस नावाच्या अमेरिकन बारटेंडरनं १८६२ सालच्या पुस्तकात पंच जेलीची कृती दिलीय आणि वर लिहिलंय की जेलीत दारू कळत नाही, लोक इतकी खातात की जेवणानंतर नाचायच्या लायकीचे राहत नाहीत. आमच्याकडं भाऊ तसाच खुर्चीत बसून होता. पोरं असतील तर त्यांची जेली वेगळ्या आकारात, वेगळ्या ताटात ठेवा, आम्ही त्यांच्यासाठी मोदकाचा साचा वापरला.

साच्याला पाचपैकी पाच. दुकानाला अडीच. दुसऱ्या दिवशी बिल घेऊन गेले तर काका म्हणाले फोडलेलं परत घेत नाही, मग पाकिटावरची खूण दाखवली तेव्हा चष्मा लावून बराच वेळ बघत बसले. न फोडलेलं पाकीट बदलून चायना ग्रास दिला, आणि मी असतानाच पोराला हाक मारून जिलेटीनची पाकिटं वरच्या फळीवर ठेवायला लावली.