जीबीएसनंतरची फिजिओथेरपी : नौपाड्यातल्या सेंटरचा अनुभव

मी ठाण्यात वर्तकनगरला ब्लाउज शिवते. गेल्या वर्षी जुलाब झाले, ते थांबले, आणि दोन आठवड्यांनी तळपायाला मुंग्या. चार दिवसांत जिना चढवेना, सुई धरवेना. गिया-बारे सिंड्रोम, म्हणजेच जीबीएस! पुण्यात २०२५ मध्ये साथ आली तेव्हा टीव्हीवर ऐकलेलं, तेच.

डॉक्टरांनी माझ्याच धंद्यातलं सांगितलं : मशीनची मोटर चांगली आहे, वायरवरचं, म्हणजे नसांवरचं, आवरण सोललं गेलंय. सोलणारी आपलीच प्रतिकारशक्ती. वजन ६० किलो, म्हणून इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातून काढलेल्या अँटीबॉडीज, शिरेतून देतात) रोज २४ ग्रॅम, ५ दिवस. त्याने हल्ला आवरतो. नसा भरून यायला महिने जातात.

ते महिने या सेंटरमध्ये काढले. इथल्या ताई घाम काढत नाहीत. "दमायच्या आधी थांबायचं, काकू," हे रोजचं. पहिल्या आठवड्यात वाटीतले वाटाणे उचलायला लावले. दहातले सात खाली. मग राजमा, मग मूग, शेवटी ब्लाउजचे हुक. पहिला हुक काजात अडकला तेव्हा दोघी ओरडलोच.

तक्रारी आहेत. सेंटर पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पाय न उचलणाऱ्या पेशंटने जायचं कसं? मला मुलगा धरून न्यायचा. वेळ पाचची दिली की साडेपाच धरा. पावती मागितल्याशिवाय मिळत नाही.

तरी चार स्टार. पाचवा लिफ्ट बसली की. सध्या दिवसाला एक ब्लाउज होतो, अस्तराचा नाही.