टपालाच्या शिक्क्याची नक्कल करायला गिम्प कसं आहे?

नाटकातलं पत्र, पाकिटासारखी लग्नपत्रिका, शाळेच्या प्रकल्पातलं जुनं पोस्टकार्ड. अशा कामांना टपालाचा गोल शिक्का लागतो आणि तो मराठीत हवा असेल, तर चित्रं संपादित करायच्या गिम्पइतकं सोयीचं फुकट सॉफ्टवेअर दुसरं नाही. कारण एकच, पण मोठं. इंकस्केप हे रेखाचित्रांचं फुकट सॉफ्टवेअर वर्तुळावर मजकूर बसवताना प्रत्येक अक्षर जसंच्या तसं फिरवतं, त्यामुळे शिरोरेखा जोडावर तुटते. आपल्या शिक्क्यावरचं ‘रत्नागिरी’ लगेच खोटं दिसतं. गिम्पचं ‘टेक्स्ट अलाँग पाथ’ अक्षराची बाह्यरेषाच वाकवतं, म्हणून शिरोरेखा सलग राहते. इंकस्केपमध्येही हे जमतं, पण आधी मजकुराचा पाथ (नुसती आकाररेषा) करा आणि मग ‘बेंड’ इफेक्ट लावा, असा वळसा पडतो.

मापं आधी ठरवा. 600 डीपीआयवर (इंचामागे 600 ठिपके) 28 मिमी व्यासाचं वर्तुळ सुमारे 661 पिक्सेलचं होतं. कडा 9 पिक्सेल जाड ठेवा. वरच्या आणि खालच्या मजकुरासाठी एकच वर्तुळ वापरलं की हमखास फसतं. खालच्या मजकुराला उलट्या दिशेचं वर्तुळ लागतं. दोन्ही ओळी एकाच पट्ट्यात यायच्या असतील, तर प्रत्येकीच्या वर्तुळाचा व्यास करून पाहून जमवा आणि कडेपाशी जागा सोडा. कडेपर्यंत उरलेली जागा वरच्या मात्रा-वेलांट्यांना आणि खालच्या उकारांना लागतेच. इंग्रजी शिक्क्यांची मापं उचलली की ‘पुणे’चा उकार कडेवर चढतो तो इथेच.

लंबवर्तुळाकार सिलेक्शन करून त्याचा पाथ करा, मजकुराच्या लेअरवर (चित्राच्या थरावर) राइट क्लिक करून ‘टेक्स्ट अलाँग पाथ’ द्या. तयार होतो तो नुसता पाथ. त्याचं सिलेक्शन करून रंग भरावा लागतो. खालचा मजकूर डोक्यावर उभा दिसला, तर फ्लिप टूल पाथ मोडवर ठेवून वर्तुळ आडवं उलटवा, म्हणजे पाथची दिशा बदलते. मजकूर भलतीकडून सुरू झाला, तर रोटेट टूलने तोच पाथ फिरवा. फाँट एकसारख्या जाडीचा हवा. ‘मुक्ता’चं मध्यम वजन चांगलं चालतं.

इथेच गिम्पची मोठी उणीव आहे: वाकवलेला मजकूर नंतर बदलता येत नाही. स्पेलिंग चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून तारीख मधोमध सरळ मजकुराच्या वेगळ्या लेअरवर ठेवा. ती दोनेक अंश तिरकी करा. खऱ्या शिक्क्यात तारखेचे खिळे (आकड्यांचे सुटे ठसे) बदलावे लागतात, ते नेहमी ओळीत बसतातच असं नाही.

शाईचा परिणाम मात्र गिम्प उत्तम देतं. पांढऱ्यावर काळा शिक्का सपाट करून त्यावर 3 पिक्सेलचा गॉशियन ब्लर (धूसरपणा) द्या आणि लेव्हल्समध्ये (उजेड-अंधाराच्या पातळ्या) इनपुट 110 ते 150 एवढंच ठेवा. अक्षरांचे कोपरे गोलसर होतात, बारीक फटी भरतात, शाई कागदात मुरल्यासारखी दिसते. मग ‘कलर टू अल्फा’ने पांढरं काढा, लेअर मास्क (लेअरचा कुठला भाग दिसावा ते ठरवणारा पडदा) जोडा, त्यात ‘सॉलिड नॉइज’ भरा आणि लेव्हल्सनेच कडक करा. मास्कवर एका बाजूने फिकट होत जाणारा ग्रेडियंट दिला की हात तिरका पडल्यासारखा ठसा उमटतो. रंग निव्वळ काळा नको, निळसर राखाडी घ्या आणि लेअर ‘मल्टिप्लाय’वर ठेवा, म्हणजे खालचं चित्र शाईतून दिसतं. चित्रातल्या तिकिटाच्या कडेवरून शिक्का जातो तिथे चार-पाच पिक्सेलची फट खोडून काढा. तिकिटाच्या जाडीमुळे खरी शाई तिथे कागदाला टेकत नाही. हे बहुतेक नकलांत राहून जातं आणि जाणकाराची नजर आधी तिथेच जाते.

2025 मध्ये आलेल्या गिम्पच्या 3.0 आवृत्तीत फिल्टर लावल्यावरही त्याचे आकडे बदलता येतात. 2.10 मध्ये ते नाही, म्हणून तिथे प्रत्येक टप्प्याआधी लेअरची प्रत ठेवा. एवढ्यासाठीसुद्धा नवी आवृत्ती घ्यावी.

काळाचं भान सॉफ्टवेअर देणार नाही. पिनकोड 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाला. त्याआधीच्या पत्रावर ‘400028’ छापलं की नाटकाचा काळच मोडतो. तेव्हा दादर पश्चिमचा पत्ता ‘मुंबई 28’ असाच लिहीत.

गावाचं नाव काल्पनिक ठेवा आणि कडेलगत बारीक अक्षरांत ‘नक्कल’ लिहा. काही तिकिटांना कोऱ्यापेक्षा शिक्का पडलेल्याची किंमत जास्त असते, म्हणून खऱ्या तिकिटावर किंवा जुन्या पाकिटावर असा ठसा छापून विकणं ही सरळ फसवणूक आहे. ‘नक्कल’ हा शब्द शाईच्या लेअरमध्येच मिसळून टाका, म्हणजे पीएनजी (चित्राची फाइल) दुसऱ्याच्या हाती गेली तरी तो सहज पुसता येत नाही.