माळ्यावरचं पितळी यंत्र: डंपी, वाय की थिओडोलाइट?

बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या जुन्या मराठी घरांचे माळे रिकामे व्हायला लागले की कधीतरी एखादी जड लाकडी पेटी खाली येते. पणजोबा गायकवाड सरकारच्या बांधकाम खात्यात किंवा रेल्वेत होते, एवढंच सगळ्यांना ठाऊक असतं. पेटीत पितळी दुर्बीण, तिच्याखाली तीन-चार स्क्रू. काका म्हणतात थिओडोलाइट, म्हणजे जमीनमोजणीत कोन मोजायचं यंत्र; आतेभाऊ म्हणतो नुसती लेव्हल आहे, भंगारवाल्याला देऊन टाका. विकायचं की ठेवायचं हा प्रश्न नंतरचा. आधी ते आहे काय, हे ठरू द्या. आणि ते कोरलेल्या नावावरून किंवा वजनावरून ठरवू नका. दुर्बीण कुठे कुठे हलते, ते पाहा.

क्लॅम्प सैल करून हलक्या हाताने फिरवा. जोर लावायचा नाही, गंज धरलेला असला तर अजिबातच नाही. दुर्बीण फक्त आडवी गोल फिरते आणि वरखाली होत नाही? मग ती लेव्हल. दुर्बिणीलगत पाणसळीची लांब काचनळी असेलच. या यंत्राचं काम एकच: बुडबुडा मध्ये आणायचा आणि त्या उंचीची सपाट नजर लांबवर धरलेल्या पट्टीवर टाकायची. जमिनीचा चढउतार त्यातून निघतो.

लेव्हलमध्ये दोन घराणी. दुर्बीण खालच्या दांड्याशी पक्की जोडलेली, सुटी होत नाही, ती डंपी. विल्यम ग्रॅव्हॅट या इंग्रज इंजिनियरने ती १८३२ साली काढली. दुर्बीण इंग्रजी वाय अक्षरासारख्या दोन बेचक्यांत ठेवलेली, वरून कड्या अडकवलेल्या, आणि कड्या उघडल्या की उचलून उलटसुलट ठेवता येते, ती वाय लेव्हल. वायची गंमत अशी की दुर्बीण उलटी ठेवून तिचा दोष एका जागी उभं राहून तपासता येतो. पण सुटे भाग जास्त, बेचकी झिजते, आणि झिजली की तोच तपास बिघडतो. डंपीची तपासणी दोन खुंट्या ठोकून करावी लागते, कटकटीची. मात्र एकदा जुळवली की बराच काळ तशीच राहते. उन्हातान्हात, बैलगाडीतून न्यायचं यंत्र म्हणून मी डंपीच घेतली असती. कपाटात मांडायचं तर वाय जास्त देखणी.

दुर्बीण वरखालीही होते आणि तिच्या बाजूला अंश कोरलेलं उभं चक्र आहे, तर थिओडोलाइट. खालीही एक आडवं चक्र असतं, बहुतेक वेळा झाकलेलं. खिडकीतून व्हर्नियर, म्हणजे अंशांचे बारीक भाग वाचायची छोटी पट्टी, दिसतो. दुर्बीण आपल्या आसाभोवती पूर्ण उलटी होत असेल तर तो ट्रान्झिट. चक्रावर २० मिनिटांचे भाग आणि व्हर्नियरवर ६० असतील तर यंत्र २० सेकंदांपर्यंत कोन वाचतं. याचं माप सांगतात ते चक्राच्या व्यासावरून: पाच इंची, सहा इंची. विल्यम लॅम्बटन या इंग्रज सर्वेक्षकाने दक्षिणेत वापरलेला मोठा थिओडोलाइट ३६ इंची, वजन सुमारे अर्धा टन. १८०८ साली तंजावरच्या देवळावर चढवताना तो दोर तुटून भिंतीवर आपटला आणि त्याने तो स्वतः दुरुस्त केला. तंजावर तेव्हा सरफोजीराजांचं, हे जाता जाता.

घोटाळा होतो तो मधल्या यंत्रांत. जुना साधा थिओडोलाइट बेचक्यांतच बसतो, म्हणून वाय लेव्हल वाटतो. खाली अर्धं चक्र दिसलं की शंका फिटते. उलट काही डंपींच्या बुडाशी होकायंत्र असतं, म्हणून त्यांना थिओडोलाइट म्हणायचं नाही. टिल्टिंग लेव्हलची दुर्बीण एका स्क्रूने किंचित कलते, पण उभं चक्र नसतं. आणि दुर्बिणीतून सगळं उलटं दिसलं तर दुर्बीण बिघडलेली नाही, जुन्या दुर्बिणी तशाच असत.

पेटीतून चपटं होकायंत्रच निघालं, तर एवढं बघा: आकडे उलटे आणि वाचायला प्रिझम, म्हणजे प्रिझमॅटिक, पूर्व-पश्चिम अदलाबदल केलेली आणि सुटी सुई, म्हणजे सर्व्हेयरचं. दोन्ही मुद्दाम तशी केलेली असतात.

आता नावाकडे वळा. 'ट्रॉटन अँड सिम्स' (लंडनचे यंत्र बनवणारे) एवढंच असेल तर १८२६ ते १९२२ या काळातलं. पुढे 'कुक' जोडलेलं असेल तर १९२२ नंतरचं. 'मॅथेमॅटिकल इन्स्ट्रुमेंट ऑफिस, कलकत्ता' असेल तर सरकारी पुरवठ्यातलं. पण लंडनचं नाव कोरलेल्या नव्या पितळी नकला बाजारात ढिगाने आहेत. खऱ्या यंत्रावरच्या रेघा बारीक आणि चांदीच्या पट्टीवर असतात. नकलेवर त्या जाड, काळा रंग भरलेल्या.

पणजोबांचं काम कळलं तर अंदाज पक्का होतो. पाणी उताराने न्यायचं असेल, जसं आजव्याच्या तलावाकडून शहरात, तर लेव्हलशिवाय चालत नाही. डभोई ते मियागाम ही १८६२ ची बैलांनी ओढायची रेल्वे असो की नंतरचे फाटे, रूळमार्गाला लेव्हल लागतेच, वळणांना थिओडोलाइटही. महसुली मोजणीवाल्याकडे बहुधा साखळी निघेल: ३३ फुटी, १६ कड्यांची.

ठरवताना माझा कल असा. ट्रान्झिट आणि पूर्ण पेटी असेल तर घाई न करता जाणकाराला दाखवा. डंपी असेल तर ठेवून घ्या. पट्टी धरायला एक माणूस मिळाला तर गच्चीचा उतार आजही तिने काढता येतो. एकटी दुर्बीण असेल तर आतेभावाशी वाद घालण्यात अर्थ नाही. आणि काहीही निघालं तरी पितांबरी लावू नका. लॅकर, म्हणजे पितळेवरचा संरक्षक थर, निघतो, चांदीच्या पट्टीवरच्या रेघा पुसट होतात, आणि दुर्बिणीतल्या बारीक आडव्या-उभ्या तारा कित्येकदा खऱ्या कोळ्याच्या धाग्याच्या असतात. भिंग काढून आत बोळा फिरवला की त्या गेल्याच. मऊ ब्रशने धूळ झाडा, पेटीच्या झाकणाच्या आतला कागद मात्र फाडू नका. यंत्रावरचं नाव झिजलेलं असलं तर तोच शेवटचा पुरावा.