मकाऊत जे फुकट, ते जळगावात विकत

मकाऊच्या टूरमध्ये एजंटने आम्हाला लुबाडलं, पण आधीच सांगतो, हॉटेल खोटं नव्हतं. परदेशात उतरल्यावर काउंटरवरचा माणूस म्हणतो, तुमच्या नावाने बुकिंगच नाही, तसलं आमच्या बाबतीत काही झालं नाही. हाँगकाँगशेजारच्या, कॅसिनोंसाठी प्रसिद्ध मकाऊच्या कोताई भागात, दोन बेटांमधली खाडी बुजवून केलेल्या जमिनीवर, फोटोत दाखवलेलं तेच पंचतारांकित हॉटेल मिळालं. तीच खोली, तोच संगमरवरी टब, खिडकीतून पॅरिसच्या मनोऱ्याची अर्ध्या उंचीची नक्कल. एवढा लखलखाट समोर असल्यावर बाकीचा हिशोब कोण बघतो? एजंटने कमाई केली ती त्या बाकीच्या हिशोबात.

आम्ही चोपडा, अमळनेर, धरणगाव भागातले कृषी केंद्रवाले, म्हणजे खत-बियाणं विकणारे. कंपन्यांचं विक्रीचं टार्गेट पूर्ण केल्यावर मिळणारं बँकॉक-पटाया बहुतेकांचं झालेलं. तिथे कंपनीच सगळं बघते, आपण फक्त पासपोर्ट द्यायचा. या वेळी स्वतःच्या पैशाने, घरच्या मंडळींना घेऊन जायचं ठरलं. जळगावच्या एका टूरवाल्याने कोटेशन दिलं. मुख्य आकडा इतरांपेक्षा कमी, आणि खाली वेगळी यादी : मकाऊ व्हिसा, हाँगकाँग परमिट, कॅसिनो एन्ट्री पास, प्रायव्हेट कोच, हॉटेल डिपॉझिट, आणि टीसीएस, म्हणजे टूरवाल्याने आपल्याकडून गोळा करायचा प्राप्तिकर. युरियाबरोबर नको तो माल गळ्यात मारतात, त्याला आमच्या धंद्यात लिंकिंग म्हणतात. आम्हालाच कोणी लिंकिंग करेल असं डोक्यातही आलं नाही.

व्हिसापासून सुरू करू. भारतीय पासपोर्टवर मकाऊत ३० दिवसांपर्यंत राहायला व्हिसा लागतच नाही. तिथला अधिकारी पासपोर्टवर शिक्कासुद्धा मारत नाही, हातात एक छोटी छापील चिठ्ठी देतो. आमच्यातले अमळनेरचे नाना ती चिठ्ठी उलटीपालटी करून बघत होते. मला म्हणाले, "भाऊ, साडेतीन हजारना व्हिसा हाऊच शे का?" सगळे हसले. नंतर कोणी हसलं नाही, कारण प्रत्येकाने साडेतीन हजार भरले होते.

हाँगकाँगचं परमिट म्हणजे २०१७ पासून भारतीयांसाठी असलेली आगाऊ नोंदणी. त्यांच्या इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर स्वतः फॉर्म भरायचा, मंजूर झाला की साध्या ए-फोर कागदावर प्रिंट काढायची. फी शून्य. एका वेळी १४ दिवसांपर्यंत राहता येतं. फॉर्म भरून देण्याची मजुरी म्हणून एजंटने काही घेतलं असतं तर तक्रार नव्हती. पावतीवर मात्र त्याने 'सरकारी फी' लिहिलं.

कॅसिनो पासची तर कमालच. सोनेरी अक्षरांचं लॅमिनेट केलेलं कार्ड, गळ्यात अडकवायला दोरी. गोव्यात मांडवीतल्या बोटींवर आत जायलाच पैसे पडतात, त्यामुळे आम्हाला ते रीतसरच वाटलं. मकाऊत कॅसिनोत शिरायला काहीही पडत नाही. अट एकच, वय २१ पूर्ण हवं. दारावरच्या माणसाने आमच्या सोनेरी कार्डांकडे पाहिलंही नाही. आमच्या एका मित्राचा पुण्यात शिकणारा मुलगा सोबत होता, वय २०. त्याच्या पासचेही पैसे घेतले होते, जन्मतारीख हातात असताना. त्याला दारातूनच परत पाठवलं, आणि तो बिचारा ते कार्ड गळ्यात घालून बाहेर कालव्यातल्या होड्या बघत बसला.

प्रायव्हेट कोचही तसाच. हाँगकाँगहून ५५ किलोमीटरच्या त्या समुद्री पुलाने आलो आणि बंदरावरच्या गाइडने आम्हाला एका रांगेत उभं केलं. ती रांग हॉटेलच्या मोफत बसची होती. मोठ्या कॅसिनो हॉटेलांच्या अशा बसेस बंदरांवरून कायम सुटतात, कोणीही बसावं. एजंटला फोन केला तर म्हणे, "सरजी, कोच ब्रेकडाउन झाली."

पैशाने जास्त झळ डिपॉझिटने लागली. जळगावात भरलेलं असतानाही काउंटरवरच्या मुलीने पुन्हा मागितलं. ही अनामत हॉटेल आणि पाहुणा यांच्यातली असते. क्रेडिट कार्ड दिलं तर तेवढी रक्कम फक्त अडवून ठेवतात. डेबिट कार्ड दिलं की खात्यातून पैसे खरोखर जातात आणि परत यायला आठवडे लागतात. आमच्यात क्रेडिट कार्डवाले थोडेच होते. फिरायला आणलेले पैसे तिथेच अडकले, आणि वहिनींनी बांधून आणलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याच्या चटणीवर दोन्ही वेळ निघाल्या. आणखी एक, कार्डाचं मशीन विचारतं की रुपयात कापू की स्थानिक चलनात. स्थानिकच म्हणा. रुपयात म्हटलं की दर मशीनवाल्याचा लागतो.

सगळ्यात गंभीर गोष्ट घरी आल्यावर कळली. परदेशी टूर विकणाऱ्याने टीसीएस गोळा करायचा असतो आणि तो आपल्या पॅनवर सरकारात भरायचा असतो. मग तो आपल्या नावावर जमा झालेल्या कराच्या उताऱ्यात दिसतो आणि रिटर्न भरताना वळता होतो. सीएने आमचे उतारे उघडले. एकाच्याही नावावर काही नाही. म्हणजे कराच्या नावाने घेतलेले पैसेही खिशातच गेले. टूर बुक करताना पॅन मागितला नाही आणि टीसीएस मात्र मागितला, तर तिथेच उठून या.

एजंटने अर्धे पैसे रोख घेतले आणि अर्धे यूपीआयने, भलत्याच माणसाच्या खात्यावर. बिलावर जीएसटी नंबर नाही. पण व्हॉट्सॲपवर पाठवलेली ती बाबवार यादी आमच्याकडे आहे, आणि फी नसलेल्या गोष्टींपुढे फीचा आकडा त्याने स्वतः लिहिलाय. १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवली. पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहेच. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे तक्रारीची फी नाही, मुदत दोन वर्षांची.

तक्रार गेल्यावर त्याचा फोन आला. पैसे परत देणार नाही, पण पुढच्या टूरमध्ये ॲडजस्ट करतो म्हणाला. पुढची टूर बाकूची आहे, व्हिसा आणि एन्ट्री पास धरून. आमच्यातल्या दोघांनी त्याला हो म्हटलंय.