डबा सुरात, अडॅप्टर बेसूर: इलेक्ट्रॉनिक तंबोरा, वापरानंतर

चार तारा, पहिली तार म-प-नि, लयीची चावी, पट्टीची चावी. हे प्रत्येक डब्यात असतंच, त्यात वेळ घालवत नाही. ग्वाल्हेरात आमच्याकडे हा डबा गेल्या पावसाळ्यापासून रोज सकाळी चालतो आणि मला जे सांगायचंय ते बहुतेक सगळं त्याच्या अडॅप्टरबद्दल आहे.

मी काळी एकला गातो, म्हणजे माझा सा पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीवर. डबा विजेवर लावला की तारांच्या मागे एक बारीक घुं ऐकू येते. आधी पंख्यावर संशय घेतला. पंखा बंद केला, घुं तिथेच. आपली घरची वीज ५० हर्ट्झची. अडॅप्टर तिला एकदिश (डीसी) करतो तेव्हा तिचे १०० होतात आणि आतली गाळणी अशक्त असली तर तेवढी घरघर डब्यात शिरते. आता गंमत बघा. काळी एकचा खर्ज, म्हणजे तंबोऱ्याच्या सगळ्यात खालच्या तारेचा सा, साधारण ६९ हर्ट्झ. त्या हिशेबानं १०० हर्ट्झ पडतात तीव्र मध्यमाच्या वर आणि पंचमाच्या खाली. अख्ख्या सप्तकात नेमकी हीच जागा मिळाली! तीव्र मध्यमाचा यमन म्हणायला बसलं की मध्यम उतरलेला वाटतो, आणि पंचमावर उभं राहावं तर पायाखाली खडा.

बायको काळी चारला गाते. तिचा खर्ज १०४ च्या आसपास, म्हणजे घुं तिच्या षड्जाला खालून घासते. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला चारेक हेलकावे. तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "अहो, हा डबा बेसूर आहे." मी फोनवरच्या ट्यूनरनं पट्टी तपासून दाखवली. काटा मधोमध. "काट्याला ऐकू येत नसेल," ती म्हणाली.

विक्रेत्याला फोन केला. उत्तर: "तेवढा आवाज नॉर्मल आहे." पुन्हा केला. डबा कुरिअरनं पाठवा, जाण्यायेण्याचा खर्च तुमचा, तपासणीचे पैसे वेगळे. वॉरंटी? ती डब्याला आहे, अडॅप्टरला नाही. अडॅप्टर नवा घ्या म्हणाले आणि जी किंमत सांगितली त्यात चांगल्या कंपनीचा मिक्सर दुरुस्त होऊन वर चहाचे पैसे उरतात.

इतकं झाल्यावर डब्यात सेल घातले. घुं गायब! त्या दिवसापासून डब्याबद्दलचं माझं मत बदललं. सेलवर तो खरंच छान वाजतो. एवढ्याशा स्पीकरमधून ६९ हर्ट्झ जवळपास निघतच नाहीत, पण उपस्वरांवरून, म्हणजे त्याच तारेत सोबत वाजणाऱ्या वरच्या बारीक स्वरांवरून, कान तो खर्ज भरून घेतो. आवाज मध्यम ठेवला आणि दोन हात लांब बसलं तर खर्जाच्या तारेतून गंधारही डोकावतो. तोच, स्वयंभू गंधार: खर्जाचा पाचवा उपस्वर, पेटीच्या गंधारापेक्षा १४ सेंट खाली (पेटीच्या दोन शेजारच्या पट्ट्यांत १०० सेंट). पेटीवर शिकलेला माझा गंधार चढा लागायचा, तो या डब्यानं खाली आणला. हे श्रेय द्यायलाच हवं.

मग डिसेंबरात तानसेन समारोहाला गेलो आणि मत पुन्हा डळमळलं. मागे बसून खरे तंबोरे जुळताना ऐकले. घोडीवरचं, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीवरचं, तारेखालचं सूत केसभर सरकवलं की आवाज उमलतो. आमच्या डब्यात सरकवायला सूतच नाही, जी जवारी, म्हणजे तारेचा झणकार, कारखान्यात भरली तीच जन्मभर. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली तंबोऱ्याच्या याच घोडीवर लिहिलंय: तार जिथे छेडली तिथे ज्यांचा स्थिर (न हलणारा) बिंदू येतो ते उपस्वर नियमानं वाजायला नकोत, तरी तंबोऱ्यात वाजतात. समारोहाहून परतल्यावर काही दिवस डबा नुसता गोल गोल फिरणारा वाटत होता.

पण मिरजेहून तंबोरा मागवणं आपल्या खिशाचं काम नाही. आणि आणला तरी इथल्या मे महिन्यात, ४५ अंशांत, लाकूड आणि तारा यांची समजूत काढण्यातच सकाळ जाईल. डबा मेमध्येही सुरातच असतो. "फोनवर फुकट ॲप आहेत की," असं पुतण्या म्हणतो. आहेत. आलाप रंगात आला की त्यावर कर्जवाल्यांचे फोनही येतात.

सेल रोज परवडेनात म्हणून शेवटी अडॅप्टर नया बाजारातल्या एका जुन्या रेडिओवाल्याकडे नेला. त्यानं उघडला, आतला कपॅसिटर, म्हणजे तीच अशक्त गाळणी, दाखवला आणि तिथल्या तिथे बदलून दिला. ६० रुपये! ज्या घुंला "नॉर्मल" म्हणत होते ती ६० रुपयांची होती. आता विजेवरही जवळजवळ शांतता आहे. वीज जाऊन घर इन्व्हर्टरवर गेलं की मात्र जास्तच खरखरतो, कारण आमचा इन्व्हर्टर चौकोनी लहरीचा. तेव्हा सेल.

घ्यावा का? घ्या, पण दुकानात अडॅप्टर लावून, पट्टी आपली ठेवून, तारांचा आवाज शून्यावर आणि मुख्य आवाज पूर्ण वर करून ऐका. मग हळूच सा लावा. दुकानदार घाई करेल, करू द्या.